भिंतीवरचा तक्ता आणि इंजिनाचे दुखणे

मोटारींच्या गॅरेजमध्ये पूर्वी भिंतीवर टायर कंपनीचे कॅलेंडर असे. आता पुष्कळ ठिकाणी त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या आवरणातला एक तक्ता दिसतो. त्यात दोन रकाने असतात. डावीकडे पी०११८, पी०१७१, पी०३०१, पी०४२० असे कोड आणि उजवीकडे 'काय बदलावे' याची यादी. गाडीतील संगणकाला स्कॅनर लावायचा, पडद्यावर आलेला कोड तक्त्यात शोधायचा आणि समोर लिहिलेला भाग दुकानातून आणून बसवायचा, असा हा व्यवहार आहे. आपल्या शाळांच्या भाषेत बोलायचे तर हा तक्ता म्हणजे 'गाईड'. प्रश्न आला की उत्तर तयार. मधली रीत कोणी विचारीत नाही.

असल्या तक्त्याचे परीक्षण विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारणे आहेत. या तक्त्याच्या भरवशावर लोकांचे हजारो रुपये चांगले भाग काढून नवे भाग बसवण्यात जातात. आय.टी.आय.तून बाहेर पडून गॅरेजमध्ये उमेदवारी करणारी मुलेही त्यावरच शिकतात. शिवाय निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच तो किती सहज पुसला जातो याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

आधी हे कोड आले कोठून ते पाहू. त्यांचा जन्म गॅरेजच्या सोयीसाठी झालेला नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकात डोळे झोंबणारे धुरके पसरू लागले. गाड्यांतून न जळता बाहेर पडणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, हे हागन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना धूर कमी सोडते, पण चार वर्षांनी काय? तिला रोज कोण तपासणार? यावर मंडळाचे उत्तर असे, की गाडीनेच स्वतःला तपासावे आणि काही बिघडले तर दिवा लावून चालकाला सांगावे. १९८८ च्या मॉडेलपासून तेथे पहिला टप्पा लागू झाला. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत कागदाला लावायच्या टाचणीच्या तारेने सॉकेटमधील दोन टोके जोडली की 'चेक इंजिन'चा दिवा उघडझाप करू लागे. एक लुकलुक, थोडी उसंत, मग दोन लुकलुकी, म्हणजे १२. मेकॅनिक ते कागदावर मोजून घेई. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सर्व मोटारींना सोळा टोकांचे एकच सॉकेट आणि एकच कोडसूची सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी हे २००१ मध्ये आले. भारतात पहिला टप्पा २०१० च्या एप्रिलमध्ये आणि दुसरा २०१३ च्या एप्रिलमध्ये लागू झाला.

हा इतिहास माहीत असला की दिव्याचा अर्थ बदलतो. अमेरिकेतील मूळ नियमानुसार बिघाडामुळे धुरातील प्रदूषक ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपटीपलीकडे जाण्याची शक्यता दिसली की दिवा लागला पाहिजे. म्हणजे दिवा हवेच्या वतीने बोलतो. म्हणूनच तेथे पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट न लावल्यानेही तो पेटतो, कारण वाफ हवेत जाते. आणि उलट, इंजिनाचे रबरी आधार झिजून सारी गाडी थरथरत असली तरी तो मुकाट राहतो. ज्याची तपासणी करायला संगणकाला सांगितलेलेच नाही, त्याला कोड नाही. तक्ता लावणाऱ्यांनी तक्त्याच्या वर एवढे एक वाक्य छापले असते तरी पुष्कळ झाले असते.

आता कोडकडे वळू. पी म्हणजे इंजिन व गिअरचा भाग. पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड. तेथे १ असेल तर कोड कंपनीचा स्वतःचा, आणि मग भिंतीवरचा सार्वजनिक तक्ता निरुपयोगी. त्यानंतरचा आकडा विभाग सांगतो: १ म्हणजे हवा-इंधनाचे मोजमाप, ३ म्हणजे ठिणगी व ज्वलन, ४ म्हणजे प्रदूषण रोखणारी साधने. (गणिताच्या शिक्षकांसाठी: संगणकात हा सारा कोड सोळा बिटांत मावतो. पहिले दोन बिट अक्षरासाठी, पुढचे दोन पहिल्या आकड्यासाठी, उरलेले बारा तीन आकड्यांसाठी. द्विमान पद्धतीच्या पाठाला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.)

तक्त्याच्या पहिल्याच ओळीपासून सुरुवात करू. पी०११८ समोर तक्ता म्हणतो, 'कूलंट सेन्सर बदला'. मूळ सूचीतील शब्द मात्र 'सर्किट हाय' असे आहेत, म्हणजे या मंडलातील व्होल्टता अपेक्षेपेक्षा जास्त आहे. मंडलात केवळ सेन्सर नसतो. दोन तारा, त्यांची जोडणी आणि संगणकाचे टोक हेही असते. येथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, तापमान मोजणारा सेन्सर हा थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रोध कमी होतो. संगणक ५ व्होल्ट एका ठरावीक रोधातून त्याच्याकडे पाठवतो आणि मधल्या बिंदूवरची व्होल्टता वाचतो. समजा संगणकातील रोध २२०० ओहम आहे आणि थर्मिस्टरचा रोध २० अंशांना २५०० ओहम आहे. तर मधली व्होल्टता येते सुमारे २.७. पाणी ८० अंशांना पोचून थर्मिस्टरचा रोध ३०० ओहमवर आला की ती ०.६ व्होल्ट होते. आता तार तुटली तर? प्रवाह वाहणार नाही, मधला बिंदू पूर्ण ५ व्होल्टवर जाईल. संगणक समजेल की पाणी उणे चाळीस अंशांवर आहे. पुण्यात मे महिन्यात उणे चाळीस!

तुटलेली तार, गंजलेली जोडणी आणि मेलेला सेन्सर या तिघांचीही सही एकच, पी०११८. मग ओळखायचे कसे? दोन तारांच्या सेन्सरची जोडणी काढून तिची दोन टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडायची. व्होल्टता शून्यावर आली, पडद्यावरचे तापमान एकदम वर उडाले आणि कोड बदलून पी०११७ झाला, तर तारा आणि संगणक ठीक आहेत आणि दोष सेन्सरचा आहे. काहीच बदलले नाही, तर सेन्सर निर्दोष आहे, तार तपासा. या परीक्षेला खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटे. (हा प्रयोग फक्त अशा दोन तारांच्या तापमान-सेन्सरवर करावा, दुसऱ्या कोणत्याही जोडणीची टोके अशी जोडू नयेत.) शाळेत एक थर्मिस्टर, एक रोध, तीन-चार सेल आणि गरम पाण्याचे भांडे घेऊन हा सारा पाठ टेबलावर मांडता येतो.

न्यायाने सांगायचे, तर अशा मंडलाच्या कोडबाबत तक्ता निदान योग्य दाराशी तरी नेऊन सोडतो. त्याची खरी फजिती होते ती पी०१७१ पाशी.

मूळ सूचीत याचे शब्द आहेत 'सिस्टिम टू लीन', म्हणजे इंधन कमी, हवा जास्त. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही ते संगणकाला कसे कळते? धुराच्या नळीत बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरवरून. व्होल्व्होच्या गाड्यांत १९७६ साली प्रथम आलेला हा सेन्सर म्हणजे झिर्कोनियाचा एक विद्युतघट आहे. एका अंगाला बाहेरची हवा, दुसऱ्या अंगाला धूर. दोहोंतील ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितकी व्होल्टता. धुरात ऑक्सिजन उरलेलाच नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, भरपूर असेल तर ०.१. ही व्होल्टता सतत कमी दिसू लागली की संगणक इंधन वाढवतो. वाढवता वाढवता ही भर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली (साधारण वीस-पंचवीस टक्के, कंपनीगणिक आकडा वेगळा) की कोड नोंदला जातो.

येथे मूळ सूचीवरही आक्षेप घ्यावा लागतो. सेन्सरला 'इंधन कमी' दिसत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तेथील पेट्रोलही जळत नाही आणि हवाही तशीच बाहेर पडते. त्या धुरात कच्चे पेट्रोल भरपूर असते, तरीही उरलेला ऑक्सिजन पाहून सेन्सर 'इंधन कमी' असाच कौल देतो, आणि संगणक पेट्रोल आणखी वाढवतो! सेन्सरच्या अलीकडे नळीला चीर असेल तर दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. पुन्हा तोच कौल. सूचीकारांनी 'धुरात ऑक्सिजन जास्त' असे लिहिले असते तर ती नोंद झाली असती. त्यांनी लिहिले 'मिश्रण पातळ', हे आधीच अर्धे अनुमान झाले. आणि तक्ता लिहिणाऱ्याने त्या अर्ध्या अनुमानाचे औषध करून टाकले: 'ऑक्सिजन सेन्सर बदला. हवामापक सेन्सर बदला. इंजेक्टर बदला.'

यातले पहिले औषध मी स्वतः घेतलेले आहे. माझ्या बारा वर्षांच्या गाडीचा दिवा लागला, कोड आला पी०१७१, आणि एका गॅरेजने तक्त्याबरहुकूम ऑक्सिजन सेन्सर बदलला. दोन आठवड्यांनी दिवा परत हजर. मग तक्त्यावरची दुसरी ओळ पुढे आली, हवामापक सेन्सर. बॉनेट उघडून शोधाशोध झाली तेव्हा कळले की माझ्या गाडीत तो भागच नाही! काही गाड्या आत जाणारी हवा थेट मोजतात, तर काही, माझ्या छोट्या गाडीसारख्या, नळीतील दाब मोजून हवेचा हिशेब करतात. तक्त्याला हा भेद ठाऊक नव्हता. आणि भेद साधा नाही. हवा मोजणाऱ्या गाडीत मापकाच्या पुढची रबरी नळी फाटली तर न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. दाब मोजणाऱ्या गाडीत तीच नळी फाटली तर दाब वाढतो, संगणक तो वाचून त्या प्रमाणात पेट्रोल देतो, आणि पी०१७१ ऐवजी बहुधा उभ्या गाडीच्या इंजिनाचे फेरे वाढलेले आढळतात. 'पी०१७१ म्हणजे नळी फाटली' हा पुष्कळ जाणत्यांचाही ठोकताळा म्हणूनच अर्धाच खरा आहे.

शेवटी आय.टी.आय.मधील एका निदेशक मित्राकडे गेलो. तक्ता दाखवला, तर त्याने तो उलटा करून त्याच्या पाठीवर आकडे लिहायला घेतले. "सर, नवा सेन्सरही जुन्यासारखेच सांगतोय ना? मग जुना खोटे बोलत नव्हता," एवढेच तो म्हणाला.

त्याची रीत अशी. संगणक किती टक्के जादा इंधन देत आहे हा आकडा स्कॅनरवर चालत्या गाडीतही वाचता येतो. हवा गळत असेल तर गळणारी हवा इंजिनाच्या वेगाबरोबर फारशी वाढत नाही. समजा उभ्या गाडीत इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा मोजून घेते आणि ०.६ ग्रॅम चोरवाटेने येते. ही चोरी २० टक्के झाली. वेग वाढून हवा १५ ग्रॅमवर गेली की तीच चोरी ४ टक्के. तेव्हा गळतीत आकडा उभ्या गाडीत मोठा आणि वेगात लहान दिसला पाहिजे. इंधनाचा पुरवठाच अपुरा असेल तर नेमके उलटे: उभ्या गाडीला लागणारे थोडे पेट्रोल कसेबसे पोचते, पण चढावर मागणी वाढली की तूट उघडी पडते. दोन कल्पना, दोन निराळी भाकिते. आम्ही गाडी काढली. उभी असताना अधिक ३, सपाट रस्त्यावर अधिक ९, कात्रजच्या चढावर अधिक २४. परत येऊन त्याने इंधनाच्या नळीला दाबमापक लावला. मागणी वाढताच काटा खाली. टाकीतील पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरली होती. तक्त्यावर या जाळीचे नावही नाही.

पी०४२० ची ओळ सर्वांत महागाची आहे, कारण समोर लिहिले आहे 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला', आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. हा उत्प्रेरक हायड्रोकार्बने नष्ट करतो की नाही हे गाडी मोजत नाही. तसे मापक गाडीत नसतेच. ती मोजते ते वेगळेच. उत्प्रेरकातील सेरियमचे ऑक्साइड ऑक्सिजन साठवते व सोडते, त्यामुळे पलीकडे बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरची व्होल्टता संथ राहते. साठवण संपली की पलीकडचा सेन्सरही अलीकडच्यासारखा वरखाली होऊ लागतो. यावरून 'साठवण कमी, म्हणजे कार्यक्षमता कमी' असे अनुमान. अनुमान वाजवी आहे, पण नळीची चीर किंवा बिघडलेला सेन्सरही असाच देखावा उभा करतो. आणि उत्प्रेरक खरोखरच मेला असला तरी तो का मेला हा प्रश्न उरतोच. ठिणगी चुकणाऱ्या सिलिंडरचे कच्चे पेट्रोल त्यात जळून तो वितळला असेल, किंवा इंजिन ऑइल पीत असेल आणि ऑइलमधील फॉस्फरसने तो निकामी केला असेल, तर मूळ दुखणे तसेच ठेवून बसवलेला नवा उत्प्रेरकही त्याच वाटेने जातो.

पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकणे, यावर थोडक्यात. चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. एकेका धक्क्याला मिळतात १० मिलिसेकंद. एक धक्का चुकला की दांडा किंचित मंदावतो आणि संगणक तो मंदपणा पकडतो. पण खड्ड्यात चाक आपटले तरी दांड्याला असाच हिसका बसतो! म्हणून काही गाड्या चाकांच्या गतीवरून रस्ता खराब आहे हे ओळखून ही तपासणी तेवढ्यापुरती थांबवतात. आपल्याकडच्या काही रस्त्यांवर ती कधी सुरू होत असेल, असा प्रश्न मला पडतो.

तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिले आहे: 'काम झाल्यावर कोड मिटवा.' प्रत्यक्षात अनेकजण कामाच्या आधीच मिटवतात, आणि ही सर्वांत वाईट सवय. कोडबरोबर संगणक त्या क्षणाचे चित्रही जपून ठेवतो: इंजिनाच्या फेऱ्या किती, वेग किती, पाणी किती तापले होते, भार किती होता. कोड पुसला की हे चित्रही पुसले जाते, आणि गाडीने स्वतःवर पूर्ण केलेल्या तपासण्यांची नोंदही कोरी होते. बहुतेक दोषांत संगणक स्वतः मात्र घाई करीत नाही. पहिल्यांदा दोष दिसला तर तो नुसता संशय म्हणून लिहून ठेवतो. लागून दुसऱ्या फेरीतही दिसला तरच दिवा लावतो. तीन सलग फेऱ्यांत दोष न दिसल्यास दिवा आपणहून विझतो, आणि सामान्यतः इंजिन चाळीस वेळा तापून थंड झाल्यावरच नोंद पुसली जाते. तक्ता लिहिणाऱ्यापेक्षा यंत्राची प्रोग्रामिंग करणारा अधिक सावध होता, असे म्हणावे लागते.

अर्थात त्या सावधपणालाही मर्यादा आहे, कारण येथे परीक्षार्थीच परीक्षक असतो. फोक्सवागनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करीत, हे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. रस्त्यावर त्या मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइडे सोडत असताना दिवा लागला नव्हता. संगणकाच्या लेखी सारे ठरल्याप्रमाणेच चालले होते. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ए.आर.ए.आय. संस्थेने केलेल्या तपासण्यांनंतर भारतातही त्या कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ती लबाडी पकडली गेली ती गाडीच्या कोडवरून नव्हे. अमेरिकेत धुराच्या नळीला बाहेरून मापक लावून गाड्या रस्त्यावर फिरवल्या, तेव्हा.

मोबाइलला जोडता येणारा साधा कोडवाचक आता स्वस्तात मिळतो. शाळेने एखादा घेऊन ठेवावा, शिक्षकांपैकी कोणाची तरी गाडी आवारात उभी असतेच. कोड नसला तरी चालेल. इंजिन थंड असताना सुरू करून पाण्याचे तापमान दर मिनिटाला लिहायला लावले आणि आलेख काढला, तरी एक तास सत्कारणी लागतो. आलेख कोठे सपाट होतो आणि का, हे मुलांना थर्मोस्टॅटपर्यंत नेते.

माझ्या गाडीतून काढून टाकलेला तो ऑक्सिजन सेन्सर गॅरेजवाल्याने मला परत दिला होता. आता तो आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. चिमट्यात धरून त्याचे टोक बर्नरच्या पिवळट, हवा कमी दिलेल्या ज्योतीत धरायचे आणि तारांना डिजिटल मल्टिमीटर लावायचा. टोक चांगले तापेपर्यंत काही होत नाही. मग आकडा चढू लागतो आणि ०.८ व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. ज्योत बाजूला केली की लगेच शून्याकडे उतरतो.